आत्यासाठी चाखताना

मला विनिपेगच्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली तेव्हा सगळ्यात जास्त हायसं वाटलं ते आईला, कारण तिथे माझी आत्या होती. बाबांची थोरली बहीण. पंचवीसेक वर्षांपूर्वी ती नागपूरहून नर्स म्हणून कॅनडात आली आणि इथलीच झाली. लग्न केलं नाही. हॉस्पिटलात नोकरी करून तिने एक लहानसं घर घेतलं, मागे अंगण, अंगणाच्या कडेला भाजीचे वाफे. "आत्या आहे ना तिथे, ती बघेल पोरीकडे," असं आई अमरावतीत भेटेल त्याला सांगत होती.

ऑगस्टच्या शेवटी मी पोचले. आत्याने मला बेसमेंटमधली खोली दाखवली, बस कुठून पकडायची ते सांगितलं, आणि माझ्या हातात जॅमची एक बरणी ठेवली. गडद जांभळा, जवळजवळ काळाच जॅम. "ही तुझी," ती म्हणाली. इथल्या आमच्या बौद्ध मंडळात भारतातून कोणी नवीन आलं की त्यांना ती घरी केलेल्या जॅमची बरणी नेऊन देते, हे मला पुढे कळलं. मी त्यात पोळी बुडवून खाल्ली. दुकानातल्या लालभडक, गिळगिळीत जॅमवर वाढलेली मी. मला तो काही विशेष आवडला नाही. पण आत्याचा चेहराच असा होता की समोर बसून नावडलेलं सांगायची छाती होत नसे.

माझ्याकडे बघायला असलेल्या त्या आत्याच्या घशात नोव्हेंबरात गाठ निघाली.

तिने मला ते भांडी घासता घासता सांगितलं. "कॅन्सर आहे. लवकर सापडला. रेडिएशन घ्यावं लागेल. तू अभ्यासात ढिलाई करू नको." एवढंच. स्वतः नर्स असल्यामुळे तिला सगळं माहीत होतं आणि म्हणूनच तिला कुणी काही समजावलेलं खपत नव्हतं. जानेवारीपासून आठवड्याचे पाच दिवस तिला घेऊन जावं लागायचं. मला गाडी येत नव्हती. मंडळातल्या लोकांनी आपसांत दिवस वाटून घेतले. सकाळी मी पायऱ्यांवरचा बर्फ फावड्याने काढून ठेवायची, मग कोणाची तरी गाडी फाटकाशी येऊन थांबायची, आणि आत्या मफलर नाकावर ओढून, कोणाचा हात न धरता, तिच्यात जाऊन बसायची.

पहिले काही दिवस ती नेहमीसारखी जेवली. मग तोंड आलं. आतून सोलवटल्यासारखं झालं, लाळ सुकली. लोक मुगाची पातळ खिचडी मिक्सरमधून काढून आणायचे, कोणी भाताची पेज, कोणी भोपळ्याचं सूप. ती डोळे मिटून एकेक चमचा गिळायची. मीठ आहे का, मी विचारायची. "मला काय माहीत," ती म्हणायची. तोंडातली आग हळूहळू कमी झाली, पण चव गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, येईल, वेळ लागेल, किती येईल ते सांगता येत नाही.

मे महिन्यात ती घरात हिंडूफिरू लागली. वजन उतरलं होतं, ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबायच्या. कामावर जायला अजून अवकाश होता. दिवसभर ती खिडकीशी बसून असायची. लोक भेटायला यायचे, फोन करायचे, आणि प्रत्येक जण विचारायचा, "आता कसं वाटतं?" ती प्रत्येकाला सांगायची, "बरं आहे."

जूनमध्ये एके दिवशी मी कॉलेजातून आले तर ती मागच्या अंगणात उभी. भाजीच्या वाफ्याच्या टोकाला रूबार्ब माजलं होतं. आपल्याकडच्या अळवासारखी मोठी पानं, पण देठ लाल, बोटाएवढे जाड. पानं विषारी, देठ तेवढे खायचे.

"काप," आत्या म्हणाली.

"काय करायचं याचं?"

"जॅम. दरवर्षी करते मी. या वर्षी तू करशील, मी सांगीन."

मला कॉलेजशिवाय एका ग्रोसरीच्या दुकानात पार्टटाइम काम होतं. पाय दुखत होते. पण आत्याने कित्येक महिन्यांनी काहीतरी करायचं ठरवलं होतं. मी सुरी घेऊन आले.

देठांचे तुकडे करून, त्यावर साखर घालून पातेलं झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघते तर तुकडे स्वतःच्याच रसात पोहत होते. त्यात स्ट्रॉबेऱ्या घातल्या आणि शेगडीवर ठेवलं. आत्या शेजारी उंच स्टुलावर बसली. आच वाढव, हलव, कडेचं खरवड, फेस काढ. ती सांगत होती, मी करत होते. मला वाटलं, एवढंच तर आहे. मग ती म्हणाली, "आता चाखून सांग."

मी चमचा फुंकून तोंडात घातला. "छान झालंय."

"छान ही चव नाही."

"गोड आहे."

"साखर घातली तर गोडच असणार न. पुढे बोल."

"थोडं आंबट आहे."

"कशासारखं? लिंबासारखं, ताकासारखं, चिंचेसारखं? आंबट काय एकच असते का?"

माझे कान तापले. मला पेपरात नापास केल्यासारखं वाटत होतं. मी पुन्हा चमचाभर घेतलं आणि या वेळी गिळून झाल्यावर थांबले. तेव्हा मला कळलं की आंबटपणा जिभेवर लागतच नाही. घास गेल्यावर, गालांच्या आतून, मागून येतो. अशी चव मला माहीत होती. आई ज्वारीच्या कण्या घालून अंबाडीची भाजी करायची, वरून लसणाची फोडणी. ती अशीच उशिराने लागायची.

"अंबाडी," मी म्हणाले. "अंबाडीसारखं आहे. मागून येतं."

आत्या स्टुलावर ताठ बसली. मग म्हणाली, "इतकी वर्षं खाऊन राहिली मी हे. अन् अंबाडी कधी सुचली नाही मला." तिने ओठांवरून जीभ फिरवली, जशी आपण काही खाल्ल्यावर फिरवतो. "ठीक आहे. मग साखर पुरे. लिंबू पिळ थोडं."

तो जॅम जमला मात्र नाही. बरणी तिरकी केली की आतलं सगळं सरबतासारखं एका बाजूला यायचं. मी घाई करून आच लवकर बंद केली होती. आम्ही तो दह्यात घालून, पोळीशी लावून संपवला. म्हणजे मी संपवला. आत्या तिचं पातळ वरण पीत असायची.

जुलैत सॅस्कटून बेऱ्या पिकल्या. आमच्याकडच्या जांभळापेक्षा पुष्कळ लहान, करवंदाएवढ्या, निळसर जांभळ्या. शेजारच्या प्रांतातल्या शहराचं नाव या फळावरूनच पडलं म्हणतात. मला मिळालेली ती पहिली बरणी याच फळाची होती. आत्या म्हणाली, खरा जॅम हाच, रूबार्ब तर नुसता सराव. शहराबाहेर एक शेत होतं, तिथे आपल्या हाताने तोडून घ्यायच्या आणि वजन करून न्यायच्या. मंडळातल्या एका काकांनी आम्हाला गाडीतून सोडलं आणि स्वतः झाडाच्या सावलीला जाऊन झोपले.

ऊन होतं, डास होते. आत्याने मोठी हॅट घातली होती, गळ्याभोवती ओढणी, कारण मानेवरची कातडी अजून नाजूक होती. कमरेला बादली बांधून आम्ही झुडपांच्या दोन रांगांमधून चालत होतो. तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी भराभर चालायचा. घोस अलगद मुठीत धरायचा, अंगठा फिरवायचा, पिकलेली तेवढी फळं बादलीत पडायची आणि हिरवी झाडावर राहायची. मी एकेक करून तोडत होते.

तोडता तोडता तिने सवयीने एक फळ तोंडात टाकलं. मी बघत होते. ती चावली, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. जाहीरपणे थुंकायची तिची रीत नव्हती. तिने ते गिळलं.

"काय लागलं?" मी विचारलं.

"कागद," ती म्हणाली. "ओला कागद."

ती पुन्हा फळं तोडू लागली, पण हात मंदावला होता. रांगेच्या शेवटी ती बादली उलटी करून तिच्यावर बसेल असं वाटलं, इतकी ती दमलेली दिसत होती. धीर द्यायला गेले तर ती खेकसणार. म्हणून मी एक फळ तोंडात टाकलं आणि तिने न विचारताच सांगायला लागले.

"साल जाड आहे, दाताखाली फुटते. आत रस कमी. जांभळासारखं जीभ धरत नाही. गोड आहे, पण पाणचट गोड नाही, बोरासारखं, पिठूळ. आता बी चावली." मी थांबले. "बी चावल्यावर बदाम. कच्च्या बदामासारखा वास येतोय नाकातून."

आत्या झुडपाची फांदी धरून उभी होती. तिने डोळे मिटले होते.

"हो," ती म्हणाली. "बदाम. विसरूनच गेले होते मी." मग डोळे न उघडताच, "अजून एक खा. जरा लालसर बघून घे. त्याचं सांग."

मी लालसर खाल्लं आणि सांगितलं. मग अतिपक्व, सुरकुतलेलं एक. मग उन्हातलं आणि सावलीतलं. काका उठून आम्हाला शोधत येईपर्यंत मी खात आणि बोलत होते. माझे ओठ जांभळे झाले होते आणि शेतावरच्या बाईने वजन करताना माझ्याकडे बघून हसून घेतलं.

असं वाटेल की यानंतर सगळं सुरळीत झालं. तसं झालं नाही.

दोन दिवसांनी मी कामावरून संध्याकाळी घरी आले तेव्हा आत्याने फळं निवडून, धुऊन ठेवली होती. सबंध शिफ्टभर मी दुकानात खोकी उचलली होती. कपडेही न बदलता मी शेगडीपाशी उभी राहिले. घरात उकडत होतं. फळं शिजली, साखर विरघळली, पातेल्यात मोठे बुडबुडे यायला लागले. या खेपेला जॅम पातळ राहू नये म्हणून मी आच कमी करायला तयार नव्हते. आत्या स्टुलावरून म्हणाली, "आता बारीक कर." मी म्हणाले, "अजून नाही झालं." फोन वाजला. अमरावतीहून आईचा होता. मी एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला.

"खाली लागलं!" आत्या ओरडली.

मला काहीच वास आला नव्हता. तिची जीभ गेली होती, नाक गेलं नव्हतं. मी पातेलं उचलेपर्यंत तळाला काळी खरपुडी धरली होती आणि सगळ्या जॅमला करपट वास लागला होता. शेतावरची सगळी मेहनत त्या पातेल्यात होती.

मी फोन बंद केला आणि माझा तोल गेला. "मला नाही जमत हे, आत्या. कायले करायचं? बाजारात शंभर प्रकारचे जॅम मिळतात. तुला तर खायचा पण नाहीये!"

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर मला तिथेच जमिनीत शिरावंसं वाटलं. आत्या उठली. तिने पातेलं सिंकमध्ये नेलं, पाणी सोडलं आणि उलथन्याने तळ खरवडायला लागली. तिच्या दंडाची हाडं हलताना दिसत होती. मी रडत होते. दमले होते म्हणून, जॅमसाठी, आणि बोलले त्यासाठीही.

"दिवसभर लोक मला विचारतात, कसं वाटतं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "डॉक्टर विचारते. तुझा बाप फोनवर विचारतो. मंडळातले विचारतात. सगळे चांगले आहेत, प्रेमाने विचारतात. पण मी काय सांगू? कसं वाटतं ते मलाच कळून नाही राहिलं." तिने नळ बंद केला. "मला जे येतं ते कोणी विचारावं, एवढं वाटतं. जॅम येतो मला. चांगला येतो."

घराबाहेर कोणाचं तरी गवत कापायचं मशीन चालू होतं. मी तिच्या हातातून उलथनं घेतलं आणि पातेलं घासलं. ती पुन्हा स्टुलावर बसली.

"मग सांग," मी नाक पुसत म्हणाले, "आच बारीक केव्हा करायची ते कळतं कसं?"

"आवाजावरून," ती लगेच म्हणाली. "पाणी असते तोवर चुळचुळ आवाज येते. घट्ट झालं की बुडबुडा थांबून थांबून फुटते, डबक्यात खडा पडल्यासारखा. कान दे न जरा. डोळ्याने नाही, कानाने शिजवायचं."

त्या दिवशी मी तिला किती प्रश्न विचारले! झाला की नाही ते कसं ओळखायचं? आमची आई साखरांबा करताना बोटांत पाक धरून तार बघते. इथे तसं नाही. बशी फ्रीजरमध्ये गार करायची, तिच्यावर थेंब टाकायचा आणि बोटाने ढकलायचा. थेंबाला सुरकुती पडली की झालं. हे तुला शिकवलं कोणी? तेव्हा तिने पहिल्यांदा मला तिच्या घरमालकिणीबद्दल सांगितलं. ती नवीन आली तेव्हा एका म्हाताऱ्या युक्रेनियन बाईच्या घरात भाड्याने राहायची. दोघींचंही इंग्रजी मोडकंतोडकं. रात्रपाळी करून आत्या सकाळी आली की म्हातारी तिला स्वयंपाकघरात बसवायची आणि हातात निवडायला काहीतरी द्यायची. "बोलायला काही नव्हतं आमच्याजवळ," आत्या म्हणाली. "फळं होती. ते बरं झालं."

ऑगस्टमध्ये वर्ध्याकडचं एक जोडपं विनिपेगला आलं. नवरा कुठल्याशा कंपनीत कामाला, बायको घरी, चारेक वर्षांची मुलगी. मंडळातून आत्याला फोन आला. मागच्या वर्षीची एकही बरणी शिल्लक नव्हती. आत्या फोन ठेवून माझ्याकडे वळली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "फ्रीजरमध्ये बेऱ्या आहेत. थोड्या काढून ठेवल्या होत्या मी. वाटलंच होतं पहिल्यांदा बिघडणार."

"तुला माहीत होतं?"

"माझा पहिला तर पातेल्यासकट फेकला होता म्हातारीने."

या वेळी मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. बेऱ्या, थोडं पाणी, साखर, दोन लिंबांचा रस. सॅस्कटूनमध्ये आंबटपणा कमी असतो, लिंबाशिवाय तो घट्टही होत नाही आणि तोंडाला चवही येत नाही. मी कान देऊन उभी राहिले. खरंच आवाज बदलला. चुळचुळ थांबली आणि एकेक बुडबुडा सावकाश फुटायला लागला. मी आत्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, पण तिने तोंड उघडलं नाही. मी आच बारीक केली. मग तिने मान हलवली.

गार बशीवर थेंब टाकून बोटाने ढकलला. त्याच्या अंगावर बारीक सुरकुती पडली, दुधावरच्या सायीला पडते तशी.

"चाख," आत्या म्हणाली.

"गोड पुढे आहे. मग लिंबू, जरा टोचतंय. मग साल, किंचित तुरट. बदाम सगळ्यात शेवटी, पण आहे."

"लिंबू टोचते?"

"टोचतं, पण वाईट नाही."

"मुरलं की बसेल ते." ती उठली आणि गरम पाण्यातून बरण्या स्वतः काढायला लागली. बरण्या तापल्या होत्या म्हणून मी पुढे झाले, तर तिने कोपराने मला बाजूला सारलं. बरण्या भरल्या, कडा पुसल्या, झाकणं लावली आणि पुन्हा उकळत्या पाण्यात ठेवून बाहेर काढल्या. मग आम्ही दोघी खुर्च्या ओढून ओट्यासमोर बसलो. बरणी निवली की आतली हवा आकसते आणि झाकण टक् करून खाली बसतं. पहिला टक् झाला तेव्हा आत्याने टाळी वाजवली. माझी ती कडक आत्या, जिने कॅन्सर झाल्याचं भांडी घासताना सांगितलं होतं.

रविवारी आम्ही ती बरणी घेऊन गेलो. नवीन घरात अजून खोकी उघडायची होती. त्या बाईने आम्हाला जमिनीवरच बसवलं, चहा केला, आणि बरणी बघून इतकी संकोचली की काय करावं तिला कळेना. मुलीने मात्र झाकण उघडायचाच हट्ट धरला. आईने चमच्याने तिच्या तळहातावर थोडा जॅम दिला. मुलीने तो चाटला, विचार केला आणि हात पुन्हा पुढे केला. "अजून."

तिच्या आईनेही बोटावर घेऊन चाखला. "आमच्याकडच्या रानमेव्यासारखं लागते काहीतरी," ती म्हणाली. "कायचं आहे हे?"

आत्याने तिला सगळं सांगितलं. झुडूप कसं असतं, केव्हा पिकतं, शेत कुठे आहे. बोलता बोलता ती अर्धवट इंग्रजीत जायची आणि परत यायची. तिला इतकं बोलताना मी त्या वर्षात पाहिलं नव्हतं.

परत येताना बसमध्ये तिने मला विचारलं, "ती म्हणाली ते मनापासून होतं, की आपलं पाहुण्यांपुढे म्हणायचं म्हणून?"

"मनापासून होतं. आणि तिच्या पोरीने तर पुन्हा हात पुढे केला. लहान मुलं खोटं कशाला खातील?"

"अन् लिंबू?"

"आता टोचत नाही."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "चांगलं शिकलीस." एवढंच. मला ते पुढे कित्येक दिवस पुरलं.

सप्टेंबरात ती अर्धवेळ कामावर जाऊ लागली. तपासण्या चांगल्या येत होत्या. फेब्रुवारीत एका दुपारी मी चिंचगुळाचं वरण केलं होतं. आत्या नेहमीप्रमाणे नुसतं पोटात ढकलत होती, आणि अचानक वाटी ठेवून माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, ठसका लागला.

"आंबट आहे," ती म्हणाली.

"जास्त झालंय का?"

"अगं, आंबट आहे!"

मग मला कळलं. आम्ही फ्रीज उघडून सगळं बाहेर काढलं. लोणचं, दही, व्हिनेगर, लिंबाची फोड. लोणच्याने तोंड भाजलं तर तिला त्याचंही हसू आलं. आंबट परत आलं होतं. खारट अंधुक लागत होतं. गोड मात्र नाही. साखरेचा चमचा तोंडात धरून ती खूप वेळ बसली, आणि शेवटी मान हलवून म्हणाली, "वाळू."

गोड पुढेही नीटसं परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच असेल. ती थोडी हिरमुसली, पण खचली नाही. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही जॅम केला तेव्हा आंबट ती बघायची आणि गोड मी. दोघींचं एकमत होईपर्यंत पातेलं खाली उतरत नसे, आणि दोघी हट्टी असल्यामुळे वेळ लागायचा.

शिक्षण संपल्यावर मला हॅमिल्टनला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली. निघताना मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती, जुलैत तिच्याबरोबर शेतावर कोण जाणार याची. तिला तसं बोलून दाखवलं तर म्हणाली, "तू आपली नोकरी सांभाळ."

जुलैत मी फोन केला तर मागे पातेल्याचा खडखडाट आणि लहान मुलीचा आवाज. वर्ध्याच्या त्या बाई लेकीला घेऊन आल्या होत्या. तिघी सकाळीच शेतावरून परतल्या होत्या. "चांगली जीभ आहे हिच्याजवळ," आत्या त्या बाईंबद्दल मला सांगत होती, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "तुझ्यापेक्षा लवकर शिकली."

मला आनंद झाला. आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं. आपली जागा इतक्या पटकन भरली जावी असं कोणाला वाटतं? त्या शनिवारी मी बाजारातून पीच आणले. इकडे ओंटारियोत पीच छान मिळतात, विनिपेगला तसे मिळत नाहीत. आत्याने पीचचा जॅम कधीच केलेला नव्हता, त्यामुळे विचारायचं तरी काय. साल काढायला उकळत्या पाण्यात बुडवायचे हे मी कुठेतरी वाचून केलं. बाकी अंदाजानेच.

झाला, तो बरा झाला. रात्रीचं जेवण व्हायच्या आधी मी तिला फोन लावला.

"पीचचा जॅम केला मी," मी म्हणाले.

"हो का? लिंबू घातलं?"

"घातलं."

"मग?" तिकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. ती बसली असावी. "सांग न. घाई नको करू. सुरुवातीपासून सांग."

मी चमचा तोंडात घातला, गिळून झाल्यावर जरा थांबले, आणि सांगायला सुरुवात केली.